वास न येणारा कुत्रा

आखूड केसांच्या लहान कुत्र्याचं काहीही करावं लागत नाही, असं ज्याने जगात पहिल्यांदा सांगितलं त्या गृहस्थाला मला एकदा भेटायचं आहे. मारायचं वगैरे नाही. आमच्या बाथरूममध्ये नेऊन, बटण्याला त्याच्या हातात देऊन, बाहेरून कडी लावायची आहे, एवढंच.

बटण्या हा आमच्या बाबांचा कुत्रा. उंची माझ्या घोट्याच्या जरा वर, रंग काळा, आणि केस इतके आखूड की ते त्याच्या अंगावर आहेत हे सोफ्याकडे बघूनच कळतं. स्वभावाने अगदी जुना कारकून. बोलावलं की यायचं नाही, नको असेल तिथे मात्र आधीपासून हजर. असल्या प्राण्यावर आमच्या घराचा सगळा व्यवहार चालत होता असं सांगितलं तर तुम्ही हसाल. हसा. पण चालत होता.

त्याचं असं आहे, की आई गेल्यापासून बाबा आणि मी एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण कशावरून झालं ते विचारू नका, मलाही धड सांगता येणार नाही. पंखा किती जोरात ठेवायचा यावरून सुरुवात झाली होती, इतकं आठवतं. अबोला धरायचा कसा हे आमच्या घराण्यात जन्मजात येतं. तो सोडायचा कसा हे मात्र कुणी कुणाला शिकवलेलं नाही. सुरुवातीला आमच्या दोघांमधले निरोप बायको पोचवायची. एक दिवस तिने हातातलं पातेलं जरा आवाज करून ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, की ती या घरात लग्न करून आलेली आहे, टपालखात्यात नोकरीला लागलेली नाही. त्या दिवसापासून ते खातं बटण्याकडे गेलं.

बाबा खुर्चीत बसून म्हणायचे, "बटण्या, या घरात विजेचं बिल भरायची पद्धत आहे का, विचार जरा." मी वर्तमानपत्रातून म्हणायचो, "बटण्या, परवाच भरलंय म्हणावं." बटण्या मधोमध बसून एकदा त्यांच्या तोंडाकडे बघायचा, एकदा माझ्या. एकदा मला ताप आला तर बाबा दारात उभे राहून कुत्र्याला सांगत होते, की टेबलावर गोळी ठेवली आहे, ती घ्यायला सांग त्याला, आणि आज ऑफिसला जाऊ नको म्हणावं. मी पडल्यापडल्या "बटण्या, बरं म्हणावं" म्हणालो. चांगलं चाललं होतं आमचं. बोलत्या बापलेकांच्या घरांतही याहून जास्त बोलणं होत असेल असं मला वाटत नाही.

मग बाबांना दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तिथून पुढे मागच्या वॉर्डात हलवलं. मागचा वॉर्ड म्हणजे काय ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं. तिथली औषधं दुखू नये म्हणून असतात, बरं वाटावं म्हणून नसतात. मी "बरं" म्हणालो. अशा वेळी दुसरं काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं.

रोज ऑफिस सुटलं की मी तिथे जाऊन स्टुलावर बसायचो. बाबा छताकडे बघायचे, मी सलाइनच्या बाटलीकडे बघायचो. मध्ये बटण्या नव्हता. एकदा मी घसा खाकरून, बाटलीकडेच बघत, पाणी हवं का असं विचारलं. बाबांनी तिथून जाणाऱ्या सिस्टरला थांबवून पाणी नको असल्याचं कळवलं. सिस्टर बिचारी दोघांकडे बघत राहिली. "बाबा" हा शब्द तोंडात अगदी तयार असायचा, पण इतकी वर्षं न वापरल्यामुळे तो बाहेर यायचा नाही. मी घरी येऊन बायकोवर चिडायचो, आणि तिला का ते कळायचं, त्यामुळे आणखी चिडायचो.

एका संध्याकाळी बाबा वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरना म्हणाले, "आमच्या बटण्याला आणता येईल का? त्याच्याशी थोडं बोलायचं राहिलंय."

मोठ्या सिस्टरना वाटलं, म्हातारबुवांचं डोकं फिरायला लागलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मी मात्र स्टुलावर ताठ बसलो. बाबांना बटण्याशी काय बोलायचं असणार? त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. आणि त्यासाठी कुत्रा लागणार होता.

त्या वॉर्डात कुत्रा आणता येतो, हे ऐकून मला धक्काच बसला. कुणाचा मांजरात जीव असतो, कुणाचा पोपटात, त्यामुळे तशी सोय ठेवलेली होती. फक्त नियम होते. मोठ्या सिस्टरनी ते तोंडपाठ म्हणून दाखवले. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला हवा. कातडीला खरूज, जखम, काही नको. नखं कापलेली, कान साफ, दात साफ. अंगाला अत्तर, पावडर नको, कारण इथल्या लोकांना आधीच श्वास पुरत नाही. आणि अंगाला वास नको. "दाखल्यावर काहीही लिहिलेलं असो," त्या म्हणाल्या, "दारात मी स्वतः वास घेते." इतक्या उंच, इतक्या करड्या बाई वाकून बटण्याचा वास घेत आहेत हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मी स्टुलावरून उठून उभाच राहिलो. कारण आपल्या कुत्र्याला वास येतो हे मला माहीत होतं. घरात राहणाऱ्याला तो कळत नाही. पण आमच्याकडे आलेला पाहुणा चहा पिताना श्वास रोखतो हे मी पाहिलं होतं.

त्यात काय, आंघोळ घालू, असं मी म्हणालो. हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आंघोळीची बातमी जिन्यात कशी पसरली देव जाणे. वरच्या मजल्यावरचे काका चपला न घालताच खाली आले. त्यांच्या लहानपणी त्यांच्या शेजाऱ्यांकडे कुत्रा होता, एवढ्या अनुभवावर ते या विषयातले अधिकारी झाले होते. त्यांनी सांगितलं, कुत्र्यांचा शाम्पू म्हणजे निव्वळ लूट. माणसाचा कोंड्याचा शाम्पू घ्या, वास मुळापासून जातो. समोरच्या बाई म्हणाल्या, नुसत्या शाम्पूने काय होतंय, वरून लिंबू चोळा. ऐकावं जनाचं आणि करावं मनाचं असं म्हणतात. पण त्याला मनात काहीतरी असावं लागतं. मी दोन्ही केलं.

बटण्या बादलीपर्यंत नीट आला. अंगावर पाणी पडताच त्याने चारही पाय असे ताठ केले की हा कुत्रा नसून स्टूल आहे असं वाटावं. शाम्पू लावला, काही बोलला नाही. लिंबू चोळलं, तेव्हा त्याने एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर काय झालं ते सलग सांगता येत नाही. मी बाथरूमच्या फरशीवर बसलेलो होतो, माझ्या चष्म्याला फेस होता, आणि बटण्या तसाच ओला बाबांच्या पलंगावर जाऊन उशीला अंग घासत होता. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, ती उशी मी तशीच ठेवली होती. अभ्रा बदलला नव्हता." मी चष्म्यावरचा फेस पुसायला घेतला.

दोन दिवसांत बटण्याच्या काळ्याभोर अंगावर पांढरा कोंडा पडायला लागला. शाम्पू कोंड्याचाच होता, त्या अर्थाने तो नावाला जागला. शिवाय पोटाखाली लाल चट्टे. कुत्र्यांच्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं आणि आंघोळ कशाने घातली ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी मला, पुढच्या रांगेतले तीन लोक आणि एक ससा ऐकत असताना, समजावून सांगितलं की कुत्र्याची कातडी माणसापेक्षा पातळ असते, आपला शाम्पू तिला सोसत नाही. लिंबाशी आल्यावर ते नुसते डोळे मिटून बसले. अशा कुत्र्याला आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवायचा, ओल्या फडक्याने पुसायचं, आणि आंघोळ महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, त्याच्याच शाम्पूने. आता चट्टे जाईपर्यंत पाणी लावायचं नाही आणि तोवर दाखला नाही.

मी त्यांना वॉर्डाचं सांगितलं. वेळ कमी आहे म्हणालो. ते चांगले गृहस्थ होते, त्यांचा चेहरा पडला. पण जे दिसतंय त्यापेक्षा वेगळं लिहिता येणार नाही म्हणाले. त्यांचंही बरोबरच होतं. या सगळ्या प्रकरणात मला चुकीचा असा माणूस भेटलाच नाही, त्यामुळे राग काढायलाही कुणी मिळेना.

निघताना त्यांनी नाक वर करून विचारलं, याच्या ग्रंथी कधी रिकाम्या केल्या होत्या? मी म्हणालो, कसल्या ग्रंथी? तेव्हा कळलं की लहान कुत्र्यांच्या शेपटीखाली, आतल्या बाजूला, दोन छोट्या पिशव्या असतात. त्या अधूनमधून भरतात, आणि भरल्या की सडक्या मासळीसारखा वास येतो, आणि कुत्रा घाबरला की कधीकधी त्या आपोआप रिकाम्या होतात. पाहुणे श्वास रोखत होते तो हा वास. डॉक्टरांनी हातमोजा चढवला आणि मला शेपटी वर धरायला सांगितलं. मी एका कचेरीत हेडक्लार्क आहे. माझ्या सहीशिवाय तिथे टेबल हलत नाही. तो मी एका हाताने कुत्र्याची शेपटी धरून भिंतीवरच्या पोपटाच्या चित्राकडे एकटक बघत होतो. समोरचा ससासुद्धा तोंड फिरवून बसला.

चट्टे जायला वेळ लागला. तोवर बाबांनी जेवण सोडलं. नुसतं सूप घ्यायचे, मग सूपही नको म्हणायला लागले. आवाज इतका बारीक झाला की सिस्टरला वाकून ऐकावं लागायचं. त्या वाकलेल्या सिस्टरला ते रोज एकच विचारायचे, "त्याचं झालं का?" आणि मी स्टुलावरून, सिस्टरकडे बघत, होतंय, असं सांगायचो. त्यांचा हात पांघरुणाबाहेर असायचा. घरी खुर्चीच्या बाजूला खाली सोडलेला असायचा तसाच. तो हात धरावा असं मला रोज वाटायचं, आणि रोज मी पांघरूण नीट करून निघून यायचो.

एक दिवस मोठ्या सिस्टर मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. "लवकर करा," एवढंच म्हणाल्या.

त्या "लवकर"ने पुढचा घोटाळा केला. नखं डॉक्टरांकडून कापून घ्यायची ठरली होती, पण म्हटलं तेवढाच वेळ वाचेल. वरचे काका बॅटरी घेऊन आलेच. कुत्र्याच्या नखात आत शीर असते; पांढऱ्या नखात ती दिसते, काळ्या नखात दिसत नाही. बटण्याची अठराच्या अठरा नखं काळी. काका म्हणाले, मागून उजेड टाकला की शीर दिसते. त्यांना ती दिसत होती. मला दिसत नव्हती. शेवटी, मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललेल्या माणसाच्या नजरेवर विश्वास ठेवून मी कात्री दाबली. नखातून एवढं रक्त येतं याची मला कल्पना नव्हती. बायकोने पीठ आणून दाबून धरलं तेव्हा ते थांबलं. बटण्या ओरडला नाही. तीन पायांवर उभा राहून तो बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला, जणू तक्रार नोंदवून घ्यायला तिथे कुणी असावं. काका हळूच बॅटरी विझवून वर गेले.

जखम म्हटल्यावर दाखला पुन्हा अडला. मी कानाला खडा लावला आणि ठरवलं की आता स्वतः काही करायचं नाही. चट्टे गेले, नख भरलं, तेव्हा शेवटची स्वच्छता करायला त्याला पाळीव प्राण्यांच्या सलूनमध्ये नेलं. तिथल्या बाईंनी माझ्यापेक्षा त्याला जास्त मान दिला. मी चारचारदा बजावलं: त्याचाच शाम्पू, कान, दात, बाकी काही नको. त्या हसून "हो हो" म्हणाल्या. संध्याकाळी बटण्या बाहेर आला तो चकाकत होता, गळ्यात निळी फीत होती, आणि त्याच्या अंगाला असा काही फुलांचा घमघमाट येत होता की बाहेर थांबलेल्या टॅक्सीवाल्याने चारही काचा खाली केल्या. बाई म्हणाल्या, अत्तर आमच्याकडून भेट, तुम्ही घरच्या दुखण्याचं बोललात ना.

मी तिथे फूटपाथवर उभा राहून रडलो. खोटं कशाला सांगू? येणारेजाणारे माझ्याकडे आणि फीत बांधलेल्या कुत्र्याकडे बघून पुढे जात होते. एका साध्या माणसाला आपल्या बापाशी बोलायचं आहे, त्याला आणखी काय काय धुवायला लावणार आहात, असं मला कुणाला तरी विचारायचं होतं.

घरी आल्यावर बायकोने फीत काढली, ओलं फडकं घेतलं आणि गॅलरीत बसून ती त्याला पुसत राहिली. मी फडकी पिळून देत होतो. अत्तर जायला पुढची दुपार उजाडली. डॉक्टरांनी दाखला लिहिला, शिक्का मारला, टेबलामागून उठून आले आणि बटण्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्या क्षणी बटण्याला कसलाही वास येत नव्हता. मी शपथेवर सांगतो. मी त्याच्या पाठीत नाक खुपसून पाहिलं, बायकोने पाहिलं, समोरच्या बाईंनीही दारात येऊन पाहिलं. जगात कुत्रा कधी इतका कुत्रा नसल्यासारखा झाला नसेल.

दवाखान्यात पोचलो. मी त्याला छातीशी धरलं होतं, दाखला खिशात होता, मागे बायको. लिफ्टचं दार उघडलं. आत एक स्ट्रेचर होतं आणि त्यावरचं माणूस डोक्यापर्यंत झाकलेलं होतं. मागच्या वॉर्डातून खाली आणत होते. एक क्षण मला वाटलं, बाबाच, पण चादरीखालचं शरीर छोटं होतं, बाईमाणसाचं असावं. ढकलणाऱ्याने बाजूला व्हायला सांगितलं. स्ट्रेचरचं चाक उंबऱ्यावर आपटून मोठा आवाज झाला, आणि बटण्या माझ्या हातात दगडासारखा ताठ झाला. मग माझ्या शर्टावर काहीतरी कोमट पसरलं.

तोच सडक्या मासळीचा वास लिफ्टमध्ये आमच्याबरोबर वर आला. बायकोने माझा दंड धरला होता.

मोठ्या सिस्टर दारातच उभ्या होत्या. त्यांना वाकायची वेळ आली नाही. मी दाखला पुढे केला. त्यांनी तो वाचला, घडी घालून मला परत दिला आणि मान हलवली. मी म्हणालो की पाच मिनिटांपूर्वीपर्यंत काहीच नव्हतं, हवं तर डॉक्टरांना फोन लावा. मी म्हणालो की याला चट्टे आले, रक्त आलं, तुम्हाला माहीत नाही आम्ही काय काय केलंय. माझा आवाज चढला असावा, कारण आतून कुणीतरी खोकलं. सिस्टरनी माझ्या हातातून बटण्याला अलगद काढून बायकोकडे दिलं.

"याला खाली न्या," त्या तिला म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही आत जा. आहात तसे जा. उशीर करू नका."

मी आत गेलो. बाबांचे डोळे मिटलेले होते. श्वास मोठा येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता. स्टूल कुणीतरी दुसरीकडे नेलं होतं, म्हणून मी पलंगाशी जमिनीवरच बसलो. काय सांगणार होतो त्यांना? आणला होता, पण दारातून परत पाठवला? एवढं साधं एक काम सांगितलं होतं, तेही झालं नाही? मी गादीच्या कडेला डोकं टेकवलं आणि तसाच राहिलो.

बाबांचं नाक हललं. मग तो पांघरुणाबाहेरचा हात सरकत आला आणि माझ्या डोक्यावर पडला. बोटं केसांतून मागेपुढे फिरली.

"आलास?" ते म्हणाले.

मी हललो नाही. श्वासही घेतला नाही.

"त्याला सांग," बाबा म्हणाले. एकेका शब्दाला वेळ लागत होता. "मला भीती वाटते म्हणावं. खूप. कुणाला सांगितलं नाही."

हात थांबला. मला वाटलं संपलं. पण तो पुन्हा फिरायला लागला.

"त्याला म्हणावं, इथंच बस. ऑफिसला जाऊ नको उद्या."

माझे डोळे गादीत दाबलेले होते आणि चादर ओली होत होती. मला ओरडून सांगायचं होतं की बाबा, मी आहे, मीच आहे. पण तसं सांगितलं असतं तर त्यांनी हात काढून घेतला असता, याची मला आयुष्यभराची खात्री होती. म्हणून मी जसा होतो तसाच बसून राहिलो. बराच वेळ नुसता श्वास येत-जात होता. मग बाबांनी माझ्या कानामागे दोन बोटं ठेवली, जराशी दाबली, आणि डोळे न उघडताच म्हणाले,

"आणि त्याला म्हणावं, आधी घरी जाऊन आंघोळ कर. मग ये."

"सांगतो, बाबा," मी म्हणालो.